छोटी पेप्टाइड्स, टी पेशी आणि स्टेम सेल्स: वाढीचा आकडा दर बॅचला का बदलतो?

नाळपेशी यांचा प्रश्न

नमस्कार. तीन छोट्या पेप्टाइड्सचा पेशींच्या वाढीवर काय परिणाम होतो ते तपासायचं काम सुरू आहे. पेप्टाइड्स अशी: थायमोपेंटिन, म्हणजे आर्जिनिन-लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल-व्हॅलिन-टायरोसिन हे पाच अमिनो आम्लांचं, एसी-एसडीकेपी, चार अमिनो आम्लांचं आणि टोकाला अ‍ॅसिटिल असलेलं, आणि जीएचके, म्हणजे ग्लायसिन-हिस्टिडिन-लायसिन.

पेशी दोन प्रकारच्या. निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या पीबीएमसी, म्हणजे टी पेशी आणि मोनोसाइट ज्यांत असतात त्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी, आणि नाळेतून काढलेल्या मेसेनकायमल स्टेम सेल्स, म्हणजे एमएससी. मीडियम, म्हणजे पोषक द्रव, पीबीएमसीसाठी आरपीएमआय १६४०, एमएससीसाठी अल्फा-एमईएम, दोन्हीत १० टक्के एफबीएस, म्हणजे वासराच्या गर्भाचं सीरम. पेप्टाइडची पावडर डीएमएसओ या द्रावकात विरघळवून १० मिलिमोलर स्टॉक केला आहे. प्लेटच्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, ०.१, १ आणि १० मायक्रोमोलर असे डोस. सुरुवातीला एकदाच टाकायचं, ७२ तासांनी एमटीटी, म्हणजे पेशींच्या चयापचयाने येणाऱ्या रंगावरून मोजणी.

पीबीएमसीवर नुसतं पेप्टाइड टाकलं तर काहीच होत नाही, आणि टी पेशींना विभाजनाला लावणारं पीएचए दिलं की सगळ्या वेल सारख्याच चढतात. एमएससीवर जीएचकेच्या एका बॅचने वाढ दाखवली, दुसऱ्या बॅचने घट. एसी-एसडीकेपी स्टेम सेल्सना विभाजनापासून रोखतं असं वाचलं आहे, पण आमच्या एमएससीवर त्याचा मागमूस नाही. व्हायलवर शुद्धता ९८ टक्के लिहिली आहे, त्यामुळे पेप्टाइडवर शंका घ्यावी की पद्धतीवर, हे ठरत नाही. कुठून सुरुवात करू?

---

सूक्ष्मतराजू

सुरुवात व्हायलपासून करा. शुद्धता ९८ टक्के याचा अर्थ एवढाच की क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे घटक वेगळे करून काढलेल्या आलेखावर, दिसणाऱ्या पेप्टाइडसारख्या पदार्थांपैकी ९८ टक्के तुमचं पेप्टाइड आहे. पावडरच्या वजनात पेप्टाइड किती, हा आकडा निराळा. त्याला निव्वळ पेप्टाइड प्रमाण म्हणतात आणि तो मागून घ्यावा लागतो.

पेप्टाइड शुद्ध करताना ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे टीएफए वापरतात. पेप्टाइडवर जितके धनभारित गट, तितके टीएफएचे रेणू चिकटून येतात. थायमोपेंटिनवर असे तीन गट: सुरुवातीचं अमिनो टोक, आर्जिनिन, लायसिन. पेप्टाइडचं रेणुवजन ६७९.८, टीएफएचं ११४. म्हणजे ६७९.८ भागिले १०२१.९, जेमतेम ६६.५ टक्के, आणि यात पावडरमधलं पाणी धरलेलं नाही. जीएचकेचं वजन ३४०.४ आणि धनभार पुन्हा तीन, त्यामुळे टीएफए क्षार असेल तर निम्मं वजन टीएफएचं. एसी-एसडीकेपीचं अमिनो टोक अ‍ॅसिटिलने झाकलेलं असतं, उरतं एकटं लायसिन. तिथे ८१ टक्क्यांपर्यंत जाता येतं. तुम्ही तिन्ही सरळ वजनावर विरघळवली असतील तर तुमचे '१० मायक्रोमोलर' तीन वेगवेगळे डोस आहेत.

हिशोब असा करा. व्हायल ५ मिलिग्रॅमची, निव्वळ प्रमाण ६२ टक्के: खरं पेप्टाइड ३.१ मिलिग्रॅम. भागिले ६७९.८, म्हणजे ४.५६ मायक्रोमोल. १० मिलिमोलर हवं तर ४५६ मायक्रोलिटर पाणी. थायमोपेंटिनची पडताळणी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पाच मिनिटांत होते, कारण त्यात एक टायरोसिन आहे: २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषण्याचा गुणांक १४९०. स्टॉक शंभर पट पातळ करा, म्हणजे १०० मायक्रोमोलर. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये वाचन ०.१४९ च्या जवळ यायला हवं. ०.०९५ आलं तर टीएफए आणि पाण्याचं वजन पेप्टाइड म्हणून धरलं गेलं आहे. जीएचके आणि एसी-एसडीकेपीमध्ये टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. अमिनो आम्ल विश्लेषणच करून घ्यावं लागतं.

टीएफए नुसतं वजन वाढवून थांबत नाही. अस्थिपेशी आणि कूर्चापेशींची वाढ ते नॅनोमोलर पातळीवरही रोखतं, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. एमएससी त्याच घराण्यातल्या. तुमच्या जीएचकेची एक बॅच अ‍ॅसिटेट क्षार आणि दुसरी टीएफए क्षार असेल तर वाढ आणि घट दोन्हींचा उलगडा तिथेच होऊ शकतो. पुढची ऑर्डर देताना अ‍ॅसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड क्षार मागा. हातात आहे तेच वापरायचं असेल तर १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून गोठवा, लायोफिलाइझ करा, म्हणजे गोठलेलं निर्वातात सुकवा, आणि हे तीनदा करा. कसंही करा, सोडियम ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटचा एक कंट्रोल वेल ठेवाच, पेप्टाइडबरोबर जितके टीएफए रेणू जातात तितक्याच मात्रेत.

डीएमएसओची इथे गरज नाही. तिन्ही पेप्टाइड्स पाण्यात सहज विरघळतात. निर्जंतुक, एंडोटॉक्सिनमुक्त (एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला विषारी पदार्थ) पाणी घ्या, स्टॉक २० ते ५० मायक्रोलिटरच्या भागांत उणे ८० ला ठेवा, एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका. नॅनोमोलर डोस करताना पातळ द्रावणात ०.१ टक्का अल्ब्युमिन असू द्या, नाहीतर धनभारित पेप्टाइड नळीच्या भिंतीलाच चिकटून राहतं. आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात काम करत असाल तर फ्रीझरमधून काढलेली व्हायल डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तोवर झाकण उघडू नका. लायोफिलाइझ्ड पावडर ओलावा इतक्या झपाट्याने ओढते की काट्यावर आकडा डोळ्यांदेखत चढत जातो.

---

एंझाइमघर

वरचं सगळं दुरुस्त केलंत तरी 'एकदाच टाकून ७२ तासांनी मोजणं' यातून फारसं हाती लागणार नाही. छोट्या पेप्टाइडला घडी नसते, त्यामुळे पेप्टिडेजना, म्हणजे पेप्टाइड तोडणाऱ्या एंझाइमना, ते उघडंच सापडतं. थायमोपेंटिन हा थायमोपोएटिनचा ३२ ते ३६ हा तुकडा. मानवी प्लाझ्मात त्याचा अर्धायुकाल एक-दोन मिनिटांच्या आतला आहे. मीडियममध्ये सीरम दहा टक्के, म्हणून तो दसपट लांबला असं धरू: दहा मिनिटं. शंभर मिनिटांत दहा अर्धायुकाल उलटतात आणि १० मायक्रोमोलरचे १० नॅनोमोलर उरतात. तुमचा प्रयोग ४३२० मिनिटांचा आहे.

सीरम ५६ अंशांना अर्धा तास तापवून कॉम्प्लिमेंट (सीरममधली रोगप्रतिकार प्रथिनं) जातं, पण सगळे पेप्टिडेज जात नाहीत. सीरम अजिबात काढून टाकलं तरी पेशी स्वतः आहेतच. सीडी१३ हे ओळखीची खूण म्हणून आपण एमएससीवर पाहतो ते प्रथिन प्रत्यक्षात अमिनोपेप्टिडेज एन आहे. उत्तेजित टी पेशींवर वाढणारं सीडी२६ म्हणजे डीपीपी-४, तोही पेप्टिडेजच. म्हणजे पेशी जितक्या जास्त वाढतील तितकं पेप्टाइड लवकर संपेल, आणि दाट वेल व विरळ वेल यांना एकच डोस मिळाला असं म्हणता येत नाही.

त्यामुळे आधी टिकाऊपणा मोजा. पूर्ण मीडियममध्ये १०० मायक्रोमोलर पेप्टाइड, ३७ अंश, एक संच पेशींसह आणि एक पेशींविना. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं, ४ तास आणि २४ तासांना ५० मायक्रोलिटर नमुना काढा, लगेच तितकंच थंडगार अ‍ॅसिटोनायट्राइल घाला, ४ अंशांवर १४,००० जी ला १० मिनिटं फिरवा, वरचं द्रव एलसी-एमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, चढवा. मूळ पेप्टाइडबरोबर तुटलेले तुकडेही शोधा, कारण काही वेळा परिणाम तुकड्याचाच असतो. ही एक आकृती हातात आल्याशिवाय डोस ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

आता एसी-एसडीकेपी. हे १९८९ मध्ये वासराच्या गर्भाच्या अस्थिमज्जेतून वेगळं केलं गेलं, आणि ते रोखतं त्या रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल्स: त्यांना एस अवस्थेत, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याच्या टप्प्यात, शिरू देत नाही. नाळेतल्या एमएससी ही वेगळी जात. तिथे परिणाम दिसला नाही तर त्यात खोट काहीच नाही. तो परिणाम पाहायचा असेल तर नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ पेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या आद्य पेशी, घ्याव्या लागतील.

हे पेप्टाइड तोडतं एसीई, तेच रक्तदाबाच्या औषधांचं लक्ष्य असलेलं एंझाइम, आणि तेही अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि लायसिन यांच्या मधोमध. शरीराच्या रक्ताभिसरणात चार-पाच मिनिटांत निम्मं उरतं. म्हणून मीडियममध्ये एसीई-रोधक लागतो. कॅप्टोप्रिल १ मायक्रोमोलर सर्रास वापरतात, पण त्यात थायोल गट आहे. तो ऑक्सिडाइझ होतो आणि एमटीटीला स्वतःच रंग आणू शकतो. लिसिनोप्रिलमध्ये ती कटकट नाही. वेल चार प्रकारच्या लागतील: काहीच नाही, फक्त पेप्टाइड, फक्त रोधक, दोन्ही. 'फक्त रोधक' ही वेल कधीही गाळू नका. एसी-एसडीकेपी थायमोसिन बीटा-४ या प्रथिनापासून बनतं आणि प्लेटलेट्समध्ये हे प्रथिन मुबलक असतं, त्यामुळे पीबीएमसीत प्लेटलेट्स राहिल्या असतील किंवा एमएससीला प्लेटलेट लायसेट (फोडलेल्या प्लेटलेट्सचा अर्क) देत असाल तर रोधक टाकताच मीडियमचं स्वतःचं एसी-एसडीकेपी साठू लागतं.

डोस नॅनोमोलरच्या आसपास ठेवा. ०.०१ नॅनोमोलरपासून १०० नॅनोमोलरपर्यंत दसपटीच्या पायऱ्या घ्या. या पेप्टाइडचा आलेख पुष्कळदा मध्ये फुगलेला येतो, वर गेलं की परिणाम ओसरतो. तुमचा सगळ्यात खालचा डोसच १०० नॅनोमोलर आहे.

मोजायचं काय, तेही बदला. एसी-एसडीकेपी पेशी मारत नाही, तिला तात्पुरतं थांबवतं. चौदा दिवसांनी एकूण वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजल्या तर थांबलेली पेशी तोवर पुन्हा चालू लागलेली असते आणि दोन्ही ताटल्या सारख्याच दिसतात. योग्य प्रश्न असा की पेप्टाइडच्या सहवासानंतर त्या क्षणी किती पेशी एस अवस्थेत आहेत. सीडी३४ पेशी सीरमविरहित मीडियममध्ये सायटोकाइन्ससह (पेशींना संकेत देणाऱ्या प्रथिनांसह) २४ तास पेप्टाइडमध्ये ठेवा, मग एका भागाला अल्पकाळ सायटोसिन अ‍ॅराबिनोसाइड द्या. डीएनए बनवत असलेल्याच पेशी त्याने मरतात. धुऊन मिथाइलसेल्युलोजच्या घट्ट द्रवात ३५ मिलिमीटरच्या ताटलीत ५०० ते १००० पेशी पेरा आणि १४ दिवसांनी वसाहती मोजा. समजा पेप्टाइड नसताना औषधामुळे शंभरातल्या चाळीस वसाहती गेल्या आणि पेप्टाइड असताना पंधराच गेल्या, तर रोध झाला. मिथाइलसेल्युलोज मात्र साध्या पिपेटने ओढू नका. १६ गेजची बोथट सुई आणि सिरिंज घ्या, नाहीतर घट्टपणामुळे प्रत्येक ताटलीत आकारमान वेगळं पडतं.

---

लिंफनोड

पीबीएमसीबद्दल मी लिहितो. 'नुसत्या पेप्टाइडने काही नाही आणि पीएचएने सगळं सारखं' हे निरीक्षण अगदी अपेक्षित आहे. विश्रांत टी पेशी रिसेप्टरचा संकेत मिळाल्याखेरीज विभाजित होत नाही. पीएचएची भरपूर मात्रा दिली की ती आधीच पूर्ण वेगात असते. या पेप्टाइड्सचं काम झालंच तर संकेत थोडा वर किंवा खाली करण्याचं, आणि ते दिसायला मधली जागा लागते.

ती जागा अशी शोधा. टी पेशीच्या रिसेप्टरला जागं करणारी सीडी३ विरोधी अँटीबॉडी, ओकेटी३ क्लोन, पीबीएस या क्षारद्रावणात ०.०१ ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा पायऱ्यांत, ९६ वेलच्या प्लेटमध्ये ५० मायक्रोलिटर प्रत्येकी, रात्रभर ४ अंशांवर. धुऊन वेलला दोन लाख पेशी, सोबत विरघळलेली सीडी२८ विरोधी अँटीबॉडी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ज्या मात्रेवर ३० ते ४० टक्के मूळ पेशी विभाजित होतात ती मात्रा निवडा. दर दात्याला ही मात्रा थोडी सरकते, म्हणून त्याच दात्याच्या गोठवलेल्या पेशींवर आधी पाहून ठेवा.

एमटीटी इथे सोडून द्या. उत्तेजित टी पेशी विभाजनाआधी फुगते, तिचं चयापचय वाढतं, आणि एकही पेशी वाढलेली नसताना रंग गडद होतो. सीएफएसई वापरा, म्हणजे दर विभाजनाला पेशीत निम्मा होत जाणारा रंग: एक कोटी पेशी प्रति मिलिलिटर, २.५ मायक्रोमोलर, ३७ अंश, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. रंग पेशींवर टाकताच नळी लगेच हलवा. उशीर झाला तर काही पेशी गडद आणि काही फिक्या राहतात, आणि फ्लो सायटोमीटरवर पिढ्यांची शिखरं एकमेकांत मिसळतात. पाचपट थंड मीडियममध्ये थांबवा, बर्फावर पाच मिनिटं, दोनदा धुवा. चौथ्या दिवशी वाचा, मृत पेशींचा रंग आणि मोजणीचे मणी घालून.

आता गणित, कारण गफलत बहुधा इथे होते. समजा शून्य पिढीत ४००० पेशी, पहिलीत २०००, दुसरीत २०००, तिसरीत ४०००. बारा हजारांतल्या आठ हजार विभाजित दिसतात, म्हणजे ६७ टक्के. पण पहिल्या पिढीतल्या दोन हजारांमागे मूळ पेशी हजार, दुसरीमागे पाचशे, तिसरीमागे पाचशे. मूळ पेशी एकूण सहा हजार, त्यांतल्या विभाजित झालेल्या दोन हजार. खरा आकडा ३३ टक्के. त्या दोन हजार पेशींची सरासरी विभाजनं ३५०० भागिले २०००, म्हणजे १.७५. पेप्टाइडने पहिला आकडा बदलला तर जास्त पेशी जाग्या झाल्या. दुसरा बदलला तर जाग्या झालेल्यांचा वेग बदलला. या दोन जैविकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत आणि एमटीटी त्या एकाच रंगात घोळून टाकतं.

एंडोटॉक्सिनची चाचणी केल्याशिवाय पीबीएमसीवरचा कोणताही परिणाम मी मानत नाही. पेप्टाइड रासायनिक पद्धतीने बनतं म्हणून ते स्वच्छ असेलच असं नाही, पाणी आणि लायोफिलायझरमधून घाण येते. मोनोसाइट मिलिलिटरमागे काही दहा पिकोग्रॅमलाही प्रतिसाद देतात. एक एंडोटॉक्सिन एकक म्हणजे साधारण १०० पिकोग्रॅम. वेलमधली शेवटची पातळी ०.०५ एककाच्या खाली ठेवा, एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा आणि त्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मिसळून ५० ते २०० टक्के परत सापडतं का तेही पाहा. पेप्टाइड स्वतःच चाचणी दाबत असेल तर ते इथेच कळतं.

---

नाळपेशी

मनापासून आभार. दोन शंका. प्रथिनांवर काम करताना आम्ही उकळून निष्क्रिय केलेलं प्रथिन कंट्रोल म्हणून ठेवायचो. पेप्टाइडचंही तसंच करावं का, की एंडोटॉक्सिनला बांधणारं पॉलिमिक्सिन बी टाकावं? दुसरं, एमएससीसाठी एमटीटीऐवजी काय?

---

लिंफनोड

उकळून काही उपयोग नाही. प्रथिनाची घडी मोडते म्हणून ते निष्क्रिय होतं. पाच अमिनो आम्लांना मोडायला घडीच नाही. एंडोटॉक्सिनही उकळीत टिकतं. म्हणजे उकळलेलं आणि न उकळलेलं दोन्ही सारखाच परिणाम देतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. पॉलिमिक्सिन बी हे स्वतः धनभारित पेप्टाइड आहे, पेशीच्या पटलाशी खेळतं. त्यापेक्षा एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या टीएलआर४ रिसेप्टरचा रोधक टीएके-२४२, १ मायक्रोमोलर, पेशींना तासभर आधी द्या. तरीही परिणाम राहिला तर तो एंडोटॉक्सिनचा नाही.

क्रम बदललेलं पेप्टाइड कंट्रोल म्हणून घेताना ते त्याच पद्धतीने शुद्ध केलेलं आणि त्याच क्षाराचं हवं. जीएचकेचे सगळे मिळून सहाच क्रम होतात, आणि टोकाचं अमिनो आम्ल बदललं की तुटण्याचा वेगही बदलतो, तेव्हा कंट्रोलचा टिकाऊपणाही मोजावा लागतो. सुट्या अमिनो आम्लांचं मिश्रण हा आणखी एक कंट्रोल. आरपीएमआयमध्ये आर्जिनिन मुळातच १.१५ मिलिमोलर असतं, त्यामुळे १० मायक्रोमोलर पेप्टाइड तुटून मिळणाऱ्या आर्जिनिनने पोषणाचा फरक पडणार नाही. मिलिमोलर डोस असतील तर मात्र पडेल.

---

पसरट

एमएससीबद्दल. पेशी चिकटणं आणि पेशी वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजा. २४ वेलच्या प्लेटमध्ये वेलचं क्षेत्रफळ १.९ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला २००० या हिशोबाने ३८०० पेशी पेरा. तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजच्या (पॅसेज म्हणजे पेशी उचलून नव्याने पेरण्याची फेरी) पेशी घ्या, आणि तुलना करायच्या सगळ्या वेल एकाच पॅसेजच्या असू द्या. २४ तासांनी एक संच सोडवून मोजा, ९६ तासांनी दुसरा.

समजा कंट्रोलमध्ये २४ तासांना २६०० पेशी आणि ९६ तासांना १५,६००. सहापट, म्हणजे २.५८ वेळा दुप्पट. ७२ तासांना त्याने भागलं की दुपटीचा वेळ सुमारे २८ तास. पेप्टाइडच्या वेलमध्ये २४ तासांना ३३०० आणि ९६ तासांना १९,८००. शेवटचा आकडा २७ टक्के जास्त, पण पट सहाच. इथे वाढ झालेलीच नाही, सुरुवातीला जास्त पेशी तगल्या एवढंच. पेरलेल्या ३८०० ने भागलं असतं तर हा फरक 'वाढ' म्हणून अहवालात गेला असता. जोडीला ईडीयू, म्हणजे नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारी खूण, १० मायक्रोमोलर. एमएससी सावकाश चालतात म्हणून चार तास तरी द्या. पेप्टाइड पेरताना न टाकता २४ तासांनी, पेशी पसरल्यावर टाकून पाहिलंत तर चिकटण्याचा भाग आपोआप बाजूला पडतो.

जीएचके आणि तांबं यांचा विचार एकत्रच करावा लागतो. ते तांब्याला घट्ट धरतं, पण सीरममधलं अल्ब्युमिनही तितक्याच जोराने धरतं, आणि १० टक्के एफबीएसमध्ये अल्ब्युमिन साधारण ३० मायक्रोमोलरच्या आसपास असतं. तुमच्या १० मायक्रोमोलर जीएचकेच्या वाट्याला किती तांबं येतं ते सीरमच्या लॉटवर ठरतं. लॉट बदलला का, हेही तपासा. वेल अशा: जीएचके, तांब्यासह जीएचके एकास एक, तितकंच कॉपर क्लोराइड, आणि ग्लायसिन-ग्लायसिन-हिस्टिडिन. शेवटचं तांबं धरतं पण क्रम वेगळा. त्यानेही तोच परिणाम दिला तर श्रेय तांब्याच्या वाहतुकीचं, जीएचकेच्या क्रमाचं नाही. सीरम २ टक्क्यांवर आणा. दहा टक्क्यांत वाढीचे घटक इतके असतात की छोट्या पेप्टाइडची भर त्यात दिसत नाही, ०.५ वर पेशी थांबतात आणि मग सगळंच वाढीसारखं दिसतं.

छोट्या पेप्टाइडचा एमएससीवरचा ठोस, कितीदाही दाखवता येणारा परिणाम पाहायचा असेल तर आरजीडी, म्हणजे आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल, घ्या. फायब्रोनेक्टिन या पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनातला हा क्रम १९८४ मध्ये पियर्शबाकर आणि रुओस्लाती यांनी दाखवला. पृष्ठभागाला रासायनिक बंधाने बांधलं तर पेशी त्यावर पसरतात आणि वाढतात. तेच ०.५ मिलिमोलर मीडियममध्ये मोकळं सोडलं तर पेशीला चिकटवून ठेवणारी इंटेग्रिन प्रथिनं अडवली जाऊन पेशी सुटतात. एकच क्रम आणि दोन उलट उत्तरं, पेप्टाइड बांधलेलं आहे की मोकळं यावर. बांधलेल्यातही दोन आरजीडींमधलं अंतर साधारण ७० नॅनोमीटरच्या पुढे गेलं की पेशी नीट पसरत नाहीत. कंट्रोल आरजीई, म्हणजे अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लुटामिक आम्ल. साध्या प्लास्टिकवर एवढं लहान पेप्टाइड नुसतं ओतून बसत नाही, टोकाला सिस्टीन आणि मध्ये दुवा असलेलंच मागवा.

---

गाभा३

मध्येच विचारतो. दोन-चार अमिनो आम्लांची पेप्टाइड्स थेट केंद्रकात जाऊन डीएनएला बांधतात आणि स्टेम सेल्सची वाढ ठरवतात, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. हे तपासायची पद्धत कोणती?

---

एंझाइमघर

हा विचार प्रामुख्याने सेंट पीटर्सबर्गच्या व्लादिमिर खाविन्सन यांच्या गटाचा. लायसिन-ग्लुटामिक आम्ल किंवा अ‍ॅलानिन-ग्लुटामिक-अ‍ॅस्पार्टिक-ग्लायसिन ही त्यांतली नेहमीची नावं, आणि बहुतांश काम त्याच गटातून आलेलं आहे. तपासताना पहिली अडचण रंगाची. लायसिन-ग्लुटामिक आम्लाचं रेणुवजन २७५, आणि त्याला दिसावं म्हणून जोडायचा एफआयटीसी हा चमकणारा रंग ३८९. खुणेचं वजन वस्तूपेक्षा जास्त झालं की सूक्ष्मदर्शकात दिसणारी हिरवी चमक त्या पेप्टाइडबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय पेप्टाइड तुटल्यावर सुटलेला रंगही केंद्रकात जाऊन बसू शकतो.

जड समस्थानिकांचं पेप्टाइड घ्या, कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ असलेलं. पेशी धुवा, केंद्रकं वेगळी करा, तुकड्यांसह एलसी-एमएसवर मोजा. दोन आणि तीन अमिनो आम्लांची पेप्टाइड्स पेप्ट१ आणि पेप्ट२ या वाहकांतून आत जाऊ शकतात. ते तुमच्या पेशीत आहेत का ते आधी बघा. चार अमिनो आम्लांना ती वाट बंद आहे. आत गेल्यावरही पेशीद्रवातले पेप्टिडेज आहेत, म्हणून अख्खं पेप्टाइड किती आणि जड लायसिन सुटं किती, हे प्रमाण हवं. सुटं लायसिन हिस्टोनमध्ये, म्हणजे डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनांत, रुजून केंद्रकात सापडणारच, आणि ते पाहून पेप्टाइड पोचलं असं वाटतं.

---

नाळपेशी

अ‍ॅसिटेट क्षार मागवते आणि टिकाऊपणाची मोजणी आधी करते. शेवटचा प्रश्न: किती दाते आणि किती वेल?

---

लिंफनोड

वेल तीन पुरतात. त्यांची सरासरी काढून एकच आकडा धरा, कारण त्या पिपेटची चूक सांगतात, माणसामाणसातला फरक नाही. 'एन' म्हणजे दाते. एकाच दात्याच्या अठरा वेल असल्या तरी एन एकच. सहा दाते तरी घ्या. प्रत्येकाची तुलना त्याच्याच कंट्रोलशी, म्हणजे जोडीची चाचणी, आणि पेशींच्या संख्येचे लॉग घेऊन, कारण वाढ पटीत होते. कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या डोसचा आकडा मुख्य धरणार ते प्रयोगाआधी वहीत लिहा. प्लेटच्या कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं पीबीएस भरा, तिथलं बाष्पीभवन वेगळं असतं. डोस चढत्या क्रमाने एकाच दिशेने लावू नका, विखरून लावा. नाळेच्या ऊतींसाठी संस्थेच्या नैतिक समितीबरोबर स्टेम सेल संशोधनाच्या समितीचीही परवानगी लागते का, ते २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पाहून घ्या आणि नवे दाते घेण्याआधीच तो कागद हातात ठेवा.